छत्र, खुतबा व प्रशस्ति : निजामशाहींतील राजमाहात्म्य व लोकांचें आज्ञापालन

फारशी तवारिखा वाचतांना आपणां संशोधकांना एक खोड जडलेली असते. पानेंच्या पानें भरलेली राजस्तुति दिसली कीं ती फोलपट म्हणून पाखडून टाकावयाची, आणि खालीं उरलेली तारीख, किल्ल्याचें नांव, सरदाराचा हुद्दा एवढे दाणे वेंचून घ्यावयाचे. कालनिर्णयापुरती ही रीत ठीक आहे. परंतु जी स्तुति आपण टाकून देतों ती लिहविण्यासाठीं त्या त्या राजानें द्रव्य व मानमरातब खर्च केलेला असतो, आणि व्यवहारी राजे निष्फळ गोष्टीवर असा खर्च करीत नाहींत. म्हणून प्रस्तुत लेखांत दाणे बाजूस ठेवून फोलपटच तपासण्याचें आम्हीं योजिलें आहे. प्रश्न असा कीं, अहमदनगरच्या निजामशाहीस इ. स. १४९० पासून १६३६ पर्यंत, म्हणजे जवळजवळ दीडशें वर्षें, लोकांनीं आपले धनी म्हणून कां मानलें? फौजेच्या जोरावर, हें उत्तर अपुरें आहे. फौज सर्वत्र नसते. आणि फौजेनें तरी एका माणसाचें कां ऐकावें, हा प्रश्न शिल्लक राहतोच. (शहराचें नांव इ. स. २०२४ त अहिल्यानगर असें झालें आहे. जुन्या काळाविषयीं लिहितांना येथें जुनें नांव ठेविलें आहे.)

मलिक अहमद हा मूळचा बहामनी सरदार. २८ मे १४९० रोजीं भिंगारजवळ त्यानें बहामनी सेनापति जहांगीरखान याचा मोड केला व तो स्वतंत्र झाला, असें आपण शालेय पुस्तकांत वाचतों. पण लढाई जिंकणें निराळें आणि राजा होणें निराळें. फेरिस्ता सांगतो कीं, अहमदानें खुतब्यांतून, म्हणजे शुक्रवारच्या नमाजाच्या वेळीं मशिदींत होणाऱ्या प्रवचनांतून, बहामनी सुलतानाचें नांव काढून तेथें आपलें घातलें व मस्तकावर पांढरें छत्र धरविलें. तेव्हां त्याच्याच पक्षाच्या सरदारांनीं नापसंति दर्शविली. अहमदानें खुतब्यांतील नांव मागें घेतलें. छत्र मात्र केवळ उन्हाच्या निवारणासाठीं आहे, असा खुलासा केला. सरदार म्हणाले, उन्हासाठींच असेल तर तें सर्वांसच वापरूं द्यावें. अहमदानें तेंही मान्य केलें! तेव्हांपासून त्याच्या मुलखांत लहानथोर सर्व छत्री धरूं लागले, व राजाची छत्री रंगावरून ओळखूं यावी एवढाच भेद राहिला. पुढें थोड्याच अवधींत त्याच सरदारांनीं आपण होऊन खुतबा पुन्हां त्याच्या नांवें सुरू करण्याची विनंति केली.

ही गोष्ट केवळ गमतीची नाहीं. सरदारांना छत्राची भीति नव्हती. काल आपल्या बरोबरीनें बसणाऱ्या माणसापुढें आज सर्वांआधीं मान कोणीं लववावयाची, ही अडचण होती. अहमदानें चिन्ह सर्वांना वांटून टाकलें आणि वाट पाहिली. ज्याला त्याला दुसरे कोणी हरकत घेत नाहींत असें दिसून आलें, तेव्हां अडचण आपोआप सरली. इ. स. १४९४ त सीनेच्या कांठीं नवें शहर वसविलें त्यालाही त्यानें स्वतःचें नांव दिलें. तें नांव राजा, वजीर व काजी या तिघांचेंही होतें म्हणून ठेविलें, असें फेरिस्ता सांगतो. छत्रासारखीच येथेंही थोडी वांटणी आहे. बाजाराला जाणारा कुणबी शहराचें नांव घेतां घेतां राजाचें नांव घेऊं लागला; यांत त्याची राजनिष्ठा किती होती हें विचारण्याचें कारणच उरलें नाहीं.

नांवाच्या मागें कुळ लागतें. निजामशाहीची गंमत अशी कीं, या घराण्याला दोन वंशावळी आहेत. फेरिस्त्याच्या मतें अहमदाचा बाप मलिक हसन हा मूळचा तिमाभट नांवाचा ब्राह्मण. त्याचे पूर्वज पाथरीचे कुलकर्णी होते, आणि पुढें बुऱ्हाण निजामशहानें वऱ्हाडच्या इमादशहाशीं पाथरीसाठीं भांडण उकरून काढलें तें याच नात्यानें. उलट दुसऱ्या बुऱ्हाण निजामशहाच्या आश्रयानें ‘बुऱ्हाने मासिर’ लिहिणारा सय्यद अली तबातबा सांगतो कीं, अहमद हा वास्तविक बहामनी सुलतानाचाच मुलगा होता. फेरिस्ता पुढें विजापूरच्या आश्रयास गेला हें विसरतां कामा नये. निजामशाहीचें कुळ उतरवून सांगण्यांत त्याच्या धन्यास आनंदच होणार. तथापि तबातबाची कथा आम्हांस सर्वस्वीं बनावट वाटते. राज्य स्थापन होऊन शंभर वर्षें लोटल्यावर संस्थापकाला राजरक्त देण्याची गरज पडावी, यावरून दुसऱ्या बुऱ्हाणाचें आसन किती डळमळत होतें तें कळतें. तो इ. स. १५९१ त स्वतःच्या मुलाला पदच्युत करून गादीवर आला होता.

आतां खुतब्याचें सामर्थ्य कशांत होतें तें पाहूं. त्या काळीं राजाची आज्ञा हजारों लोकांना एकाच क्षणीं ऐकविण्याचें दुसरें साधन नव्हतें. परंतु ऐकविणें हा त्यांतला गौण भाग. मशिदींत बसलेला प्रत्येक जण नांव ऐकतो, आणि शेजारी तें ऐकून गप्प बसला हेंही पाहतो. मनांत असंतोष असणारे शंभर असले तरी प्रत्येकाला आपण एकटेच आहों असें वाटतें. विसाव्या शतकांत रेडिओनें व मैदानांवरील अफाट सभांनीं जें केलें त्याचें बीज येथें आहे. राजा थोर आहे अशी प्रत्येकाची खात्री पटावी लागत नाहीं. इतर सर्वांची पटली आहे एवढा समज पसरला म्हणजे काम भागतें.

पहिल्या बुऱ्हाण निजामशहानें इ. स. १५३७ च्या सुमारास शाह ताहिराच्या उपदेशानें शिया पंथ स्वीकारला व खुतब्यांत बारा इमामांचीं नांवें घातलीं, तेव्हां या यंत्राची कसोटी लागली. पीर महंमद नांवाच्या सरदाराच्या पुढारपणाखालीं सुनी जमाव किल्ल्यावर चालून आला. त्या प्रसंगीं राजछत्र व निशाण बाहेर काढण्यांत आलें, आणि जो राजनिष्ठ असेल त्यानें छत्राखालीं यावें, फितूर असेल त्यानें पीर महंमदाजवळ राहावें, अशी द्वाही फिरविली, असें फेरिस्ता लिहितो. जमाव पांगला. धर्माच्या प्रश्नावर जमलेल्या लोकांपुढें द्वाहीनें धर्माचा प्रश्नच ठेविला नाहीं. छत्राच्या अलीकडे कीं पलीकडे, एवढेंच विचारलें. एकेकट्यानें उत्तर द्यावयाचें म्हटल्यावर हजारोंचा जमाव हजारों एकट्या माणसांचा झाला. पुढें इ. स. १५८९ त इस्माईल निजामशहाच्या नांवें जमालखानानें महदवी पंथ राज्याचा म्हणून जाहीर केला, व दोनच वर्षांनीं दुसऱ्या बुऱ्हाणानें तो रद्द करून शिया पंथ परत आणिला. तीन पिढ्यांत राजपंथ इतक्या वेळां बदलला आणि प्रत्येक वेळीं मशिदींतून नवा खुतबा वाचला गेला! श्रद्धा इतक्या लवकर बदलत नाहींत. बदलला तो बाहेरचा पाठ.

धातूवरही हें काम चालत असे. विजापूरच्या बुरजावरील प्रसिद्ध ‘मलिक-ए-मैदान’ तोफ अहमदनगरास इ. स. १५४९ त महंमद बिन हसन रूमी यानें ओतली. तिचें तोंड हत्तीला गिळणाऱ्या विक्राळ श्वापदाच्या जबड्यासारखें असून अंगावर निजामशहाचें नांव आहे. आणि तें पैगंबराच्या घराण्याचा सेवक या विशेषणासह. म्हणजे बुऱ्हाणाचा नवा पंथ तोफेवरही कोरला गेला. पुढें औरंगजेबानें विजापूर घेतल्यावर तिच्यावरच आपल्या विजयाचा लेख कोरविला. तोफ डागली न जातांही दोन राजघराण्यांची नोकरी करीत राहिली.

आतां या विषयाचा सर्वांत समृद्ध पुरावा. हुसेन निजामशहा (इ. स. १५५३-१५६५) याच्या कारकीर्दीच्या पूर्वभागांत विजयनगरच्या फौजांनीं अहमदनगरचा मुलूख उद्ध्वस्त केला, आणि तहाच्या वेळीं हुसेनास रामरायाच्या छावणींत जाऊन त्याच्या हातचा विडा घ्यावा लागला. दरबारी संस्कृतींत विडा देणारा वरचा व घेणारा खालचा. हें सर्व सैन्यानें डोळ्यांनीं पाहिलें होतें. त्यानंतर जानेवारी १५६५ त तालिकोटच्या (राक्षस-तागडीच्या) रणांत रामराय हुसेनाच्या हातीं सांपडला व त्याचा शिरच्छेद झाला. शीर भाल्यावर चढवून विजयनगरच्या सैन्यास दाखविण्यांत आलें, आणि तें पळत सुटलें. रामरायास पकडणारा हत्ती म्हणून ‘गुलाम अली’ याची समाधि बागरौजाजवळ दाखवितात. शिराची कथा त्याहून विलक्षण आहे. फेरिस्त्याचा इंग्रज भाषांतरकार ब्रिग्ज नमूद करतो कीं, त्याच्या काळापर्यंत, म्हणजे लढाईनंतर २५४ वर्षें, तें शीर तेल व शेंदूर लावून लढाईच्या वार्षिक दिनीं अहमदनगरास लोकांना दाखविलें जात असे, आणि तें मारेकऱ्याच्या वंशजांच्या ताब्यांत होतें. निजामशाही बुडाली, मोगल आले, मराठे आले, इंग्रज आले. तरी तो वार्षिक प्रयोग चालूच राहिला. सुरू राजाज्ञेनें झाला असला तरी पुढें तो एका कुळाचें वतन होऊन बसला, असें आम्हांस वाटतें. एकदां मान व उत्पन्न चिकटलें म्हणजे राजाच्या माहात्म्याला राजाची गरज उरत नाहीं.

याच विजयाची प्रशस्ति म्हणजे आफताबी नामक कवीचें ‘तारीफ-ए-हुसेनशाही’ हें फारशी काव्य. त्याची सचित्र पोथी पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाच्या संग्रहीं आहे, व डॉ. ग. त्र्यं. कुलकर्णी आणि डॉ. म. श्री. माटे यांनीं ती संपादून इ. स. १९८७ त मंडळातर्फे प्रसिद्ध केली. पोथींत बारा चित्रें शिल्लक आहेत. दक्षिणी चित्रकलेचे हे अगदीं आरंभींचे नमुने असल्यामुळें कलेच्या अभ्यासकांनीं त्यांचा पुष्कळ विचार केला आहे. आमचें लक्ष येथें दुसऱ्या गोष्टीकडे आहे. काव्यांत हुसेनाबरोबर त्याची राणी खुंजा हुमायून हिचेंही नखशिखांत वर्णन येतें, व चित्रांत ती राजाजवळ सिंहासनावर बसलेली दाखविली होती. मुसलमानी दरबाराच्या चित्रांत राणीला असें स्थान मिळणें फार दुर्मिळ. त्याचें कारण राजकीय आहे. हुसेन त्याच वर्षीं मृत्यु पावला, मुलगा मुर्तजा अज्ञान, आणि सत्ता खुंजा हुमायून हिच्या हातीं आली. पोथी तिच्याच अंमलांतली असावी असें मानतात. म्हणजे मेलेल्या राजाची स्तुति करतां करतां जिवंत राणीचा हक्क प्रस्थापित करावयाचा, अशी ही दुहेरी योजना होती.

दाखविली होती, असें आम्ही जाणूनबुजून लिहितों. कारण आज ती तेथें नाहीं. इ. स. १५६९ त मुर्तजानें आईला कैद केलें, आणि त्यानंतर केव्हांतरी कोणीतरी चित्रांतील तिची आकृति पुसून काढली. रंगाचा डाग व राजाचा तिच्याकडे वळलेला हात राहिला; राणी गेली. दोहदाच्या चित्रांत, जेथें स्त्रीच्या स्पर्शानें वृक्ष फुलतो ती आपली जुनी भारतीय कल्पना चितारली आहे, तेथें मात्र स्त्रीची आकृति वांचली. काव्यांतील तिचें वर्णनही राहूं दिलें. पुसणाऱ्याला फारशी येत नव्हतें असें नव्हे. चित्र सर्वांना दिसतें आणि काव्य थोडेच वाचतात, हें त्याला ठाऊक असावें. रशियांत स्टालिनच्या शेजारीं कालव्याच्या कांठीं उभा असलेला येझोव्ह इ. स. १९४० त मारला गेल्यावर छायाचित्रांतून नाहींसा करण्यांत आला, आणि त्याच्या जागीं नुसतें पाणी दिसूं लागलें, हें वाचक जाणतात. तेथें छायाचित्र हजारों प्रतींनीं छापलें जाई. येथें एकच पोथी, तीही मोजक्या दरबाऱ्यांनीं पाहावयाची. तरीही पुसण्याचे श्रम घेतले गेले. यावरून प्रशस्तीचा खरा श्रोता कोण तें आम्हांस दिसतें. ती रयतेसाठीं नव्हती. राजाच्या भोंवतीं उठबस करणाऱ्या पन्नास-शंभर माणसांना आतां कोणाचें नांव घ्यावयाचें आणि कोणाचें टाळावयाचें, हें त्यांतून कळत असे. रयतेपर्यंत तें त्यांच्या वागण्यावरून पोंचे.

त्या मुर्तजाची हकीकत तर या विषयाची कळसच होय. चंगीजखान या कर्तबगार वजिराला त्यानें खोट्या संशयावरून विष देवविलें, आणि सत्य कळल्यावर विरक्त होऊन तो लोकांपासून दूर राहूं लागला. सुमारें सोळा वर्षें हा राजा प्रजेस क्वचितच दिसला. ‘दिवाणा’ असें त्याला टोपण नांव पडलें. त्याच सुमारास उत्तरेंत अकबर रोज सकाळीं झरोक्यांत बसून प्रजेला दर्शन देत होता, व त्याचें मुख पाहिल्यावांचून अन्न न घेणारे लोक निर्माण झाले होते. अहमदनगरास दर्शनच नाहीं. तरी खुतबा, नाणें, फर्मान सर्व मुर्तजाच्या नांवें चालू. निजामशाहीचीं सध्यां उपलब्ध असलेलीं नाणीं बहुतांशीं तांब्याचीं आहेत, आणि त्यांत या अदृश्य राजाचीं पुष्कळ आहेत. कारभार सलाबतखान पाही. फराहबाग त्यानेंच पुरा करविला. एके दिवशीं मुर्तजानें त्याला विचारलें कीं, तूं माझा नोकर कीं धनी? तो म्हणाला, गुलाम. मग मला तुझा कंटाळा आला आहे, किल्ल्यावर कैदेंत जा. राज्यांतील सर्वांत बलाढ्य पुरुष घरीं गेला, पायांत बेड्या स्वतःच घालवून घेतल्या, आणि मित्र सांगत असतांही दंडाराजपुरीस जाऊन कैदेंत राहिला. फेरिस्ता त्या वेळीं अहमदनगरासच चाकरीस होता. त्यामुळें ही हकीकत ऐकीव म्हणून सोडतां येत नाहीं.

पण पुढें काय झालें? लवकरच, इ. स. १५८८ त, राजपुत्र मिरान हुसेन चालून आला, दरबारी त्याला मिळाले, आणि त्यानें बापाला हमामखान्यांत कोंडून आगीच्या उष्णतेनें मारलें. ज्या नांवासाठीं सलाबतखान बेड्या घालून घेतो त्या नांवाच्या माणसासाठीं कोणी धांवत नाहीं. आज्ञापालन माणसाचें नव्हतें, जागेचें होतें. जागेवर बसूं शकणारा दुसरा वारस दिसतांच मन न पालटतां मान वळली. दुसऱ्याच वर्षीं मिर्झाखानानें याच मिरान हुसेनाचें शीर किल्ल्याच्या बुरजावर लावलें. राजा मेला हें पाहून जमाव पांगेल असा त्याचा होरा होता. जमाव उलट खवळला, किल्ल्यांत घुसला, आणि परदेशी लोकांची मोठी कत्तल झाली. पन्नास वर्षांपूर्वीं ज्या किल्ल्यापुढें छत्र पाहून लोक पांगले, तेथेंच शीर पाहून ते एकत्र झाले. छत्रानें प्रत्येकाला एकटें पाडलें होतें. शिरानें सर्वांचा राग सर्वांना एकदम दाखविला.

याच किल्ल्यांत इ. स. १९४२ ते १९४५ पर्यंत पंडित नेहरू स्थानबद्ध होते. त्यांनीं इ. स. १९३७ त ‘मॉडर्न रिव्ह्यू’ मासिकांत चाणक्य या टोपण नांवानें स्वतःवरच लेख लिहून, लोकांच्या जयघोषांतून हा मनुष्य हुकूमशहा बनूं शकेल, असा इशारा दिला होता. स्तुतीचा परिणाम स्तुत्यावर काय होतो याचा विचार स्वतः स्तुत्यानेंच केल्याचीं उदाहरणें थोडीं आहेत. म्हणून हें विषयांतर क्षम्य व्हावें.

निजामशाहीच्या उत्तरकाळीं हें यंत्र धनी सोडून चालकांच्या हातीं गेलें. मलिक अंबरानें इ. स. १६०० नंतर दुसऱ्या मुर्तजास गादीवर ठेवून सारा कारभार स्वतः केला, पण खुतबा आपल्या नांवें वाचविला नाहीं. हबशी गुलाम म्हणून विकला गेलेला पुरुष मोगलांना पंचवीस वर्षें झुंजवितो आणि छत्र मात्र दुसऱ्याच्या डोक्यावर धरतो, यांत विनय नव्हे, हिशेब आहे. त्याच्या विरुद्ध बाजूस जहांगीर बादशहानें अबुल हसन या चित्रकाराकडून एक चित्र काढविलें. त्यांत बादशहा पृथ्वीच्या गोलावर उभा राहून भाल्यावर टोंचलेल्या अंबराच्या शिरावर बाण सोडतो आहे. अंबर जहांगिराच्या हातीं कधींच लागला नाहीं, तो इ. स. १६२६ त वृद्धापकाळानें मेला. जें रणांत साधलें नाहीं तें कागदावर साधून घेतलें. दौलताबाद पडल्यावर इ. स. १६३३ त शहाजीराजांनीं संगमनेरजवळच्या पेमगिरीवर निजामशाही वंशांतलें एक मूल गादीवर बसविलें. मूल मांडीवर घेऊन राजे स्वतः सिंहासनावर बसले, अशी परंपरा सांगते. मुलूख, किल्ले, फौज राजांच्या हातीं होती. तरी हुकूम चालविण्यास तें मूल लागलें. तीन वर्षांनीं माहुलीस तें मूल मोगलांच्या स्वाधीन करावें लागलें, त्याबरोबर राज्य संपलें.

मग रयतेच्या मनांत काय होतें? येथें आम्ही सावध राहूं इच्छितों. कागदावरील नम्रता ही मनाची नम्रता धरून चालणें हा आपल्या शास्त्रांतला नेहमींचा धोका आहे. पुरंदरच्या तहानंतर इ. स. १६६५ त शिवाजीमहाराजांनीं बादशाही फर्मान रीतीप्रमाणें पायीं पुढें जाऊन स्वीकारलें. एवढाच कागद उरला असता तर कोणीही त्यांस आज्ञाधारक मांडलिक ठरविलें असतें. पुढचीं पंधरा वर्षें उपलब्ध आहेत म्हणून आपण वांचलों. ज्या हजारों पाटील-कुळकर्ण्यांचीं पुढचीं वर्षें उपलब्ध नाहींत, त्यांच्या मुजऱ्यांवरून त्यांचें मन वाचण्याची घाई करूं नये.

लोकांच्या आठवणीचा एक तुकडा मात्र हातीं लागतो. नगरच्या पूर्वेस शहा डोंगरावर सलाबतखानाची तीन मजली कबर आहे. लोक तिला त्याच्या नांवानें ओळखत नाहींत. चांदबिबीचा महाल म्हणतात. चांदबिबी तेथें राहिली नाहीं व तेथें पुरलेली नाहीं, तिनें इ. स. १५९५-९६ त मोगलांच्या वेढ्यांत किल्ला लढविला, एवढ्यावर तें नांव चिकटलें, आणि तें चिकटविण्यास कोणा दरबारानें कवि नेमला नव्हता. ती खुंजा हुमायून हिची मुलगी.